सगळे मर्फी एकाच घराण्यातले का? नामवंतांची यादी करण्याआधी काय तपासावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ज्ञानकोशासाठी 'मर्फी आडनावाच्या नामवंत व्यक्ती' अशी मराठी यादी करायला घेतली आहे, चाळीसेक नावं जमली आहेत. त्यांत सैनिक, न्यायाधीश, नट, शल्यविशारद, लेखिका, जॉकी असे सगळे आहेत. सुरुवातीला 'या आयरिश घराण्याने जगाला अनेक कर्तबगार माणसं दिली' असं वाक्य टाकावं का, यांतलं कोण कोणाच्या नात्यातलं हे कसं शोधावं, आणि त्यासाठी डीएनए चाचणी उपयोगी पडेल का?

वाक्य टाकू नका. यादी करणं सोपं आहे, अडचण त्या 'घराण्याने' या शब्दात आहे. मर्फी हे घराणं नव्हे, नुसतं आडनाव आहे. ते आयर्लंडमध्येच निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे रुजलं आणि समुद्रापार गेल्यावर आयरिश वंशाशी संबंध नसलेल्या कुटुंबांकडेही गेलं. सगळे पवार किंवा सगळे जाधव एकाच भावकीतले नसतात, हे आपल्याला सांगावं लागत नाही. मर्फींचंही तसंच आहे, फक्त लांबून पाहिल्यामुळे ते एक कुटुंब वाटतं.

हे असं का झालं, ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढची तपासणी का करायची हे उमगेल. आयर्लंडमध्ये वंशपरंपरेने चालणारी आडनावं साधारण दहाव्या ते बाराव्या शतकात पक्की होत गेली. ती बहुतेक एखाद्या पूर्वजाच्या नावावरून पडली: 'ओ' म्हणजे अमक्याचा वंशज, 'मॅक' म्हणजे अमक्याचा मुलगा. त्या काळात मुरखाद हे पुरुषाचं नाव खूप चालत होतं. त्यामुळे आग्नेयेला वेक्सफर्डमध्ये एका मुरखादचे वंशज 'ओ मुरखाद' झाले, दक्षिणेला कॉर्कमध्ये दुसऱ्याचे झाले, पश्चिमेला रॉसकॉमन-स्लायगोकडे आणखी वेगळे. उत्तरेत अर्मा आणि टिरोनच्या भागात 'ओ'ऐवजी 'मॅक' लागलं. पुढे इंग्रजी कारभारात नावं इंग्रजी वळणाने लिहिली जाऊ लागली आणि या सगळ्यांचं एकच 'मर्फी' झालं. ओ'ब्रायन, ओ'सुलिव्हन यांनी आपला गळालेला 'ओ' एकोणिसाव्या-विसाव्या शतकात बऱ्याच प्रमाणात परत लावला. मर्फींनी इंग्रजीत तो जवळजवळ लावलाच नाही. त्यामुळे कोण 'ओ'वाला आणि कोण 'मॅक'वाला, ही खूणही पुसली गेली.

संख्येचा अंदाज हवा असेल तर आयर्लंडचे नोंदणी अधिकारी रॉबर्ट मॅथेसन यांनी १८९०च्या जन्मनोंदींवरून काढलेला हिशेब आहे. त्यात मर्फी पहिल्या क्रमांकावर, अंदाजे ६२,६०० माणसं. दुसऱ्या क्रमांकाचे केली ५५,९००. एवढ्या माणसांत 'आडनाव एक, जिल्हा एक' हा नात्याचा पुरावा होऊच शकत नाही.

इथेच एक नाव यादीतून काढायला सांगतो: डर्मट मॅकमरो, आयर्लंडच्या पूर्वेकडच्या लेन्स्टर प्रांताचा राजा, ज्याच्या बोलावण्यावरून ११६९मध्ये नॉर्मन सैन्य आयर्लंडमध्ये उतरलं. त्याच्या नावात तोच मुरखाद आहे आणि वेक्सफर्डचे मर्फी व तो हाय किन्सेला या एकाच मोठ्या वंशसमूहातले आहेत. पण त्याच्या मुलांपासून पुढे कॅव्हना आणि किन्सेला ही आडनावं चालली, मर्फी नव्हे. त्याला मर्फींच्या यादीत बसवलं की कॉर्क-अर्माच्या मर्फींनाही नकळत राजवंश चिकटतो. प्रस्तावनेत एका वाक्यात उल्लेख करा, यादीत नको.

आता यादीकडे. प्रत्येक नावासमोर एकच प्रश्न लिहून ठेवा: हे आडनाव या माणसाकडे कोणाकडून आलं? वडिलांकडून, आईकडून, सावत्र वडिलांकडून, लग्नाने, की स्वतः निवडलं? निम्म्याहून अधिक गोंधळ या एका प्रश्नाने सुटतो.

आयझॅक मर्फी घ्या. केंटकी डर्बी १८८४, १८९० आणि १८९१ अशी तीनदा जिंकणारा हा कृष्णवर्णीय जॉकी अमेरिकन अश्वशर्यतींच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. १८६१मध्ये केंटकीत जन्मला तेव्हा त्याचं नाव आयझॅक बर्न्स होतं. शर्यतीत उतरल्यावर त्याने आईच्या वडिलांचं, ग्रीन मर्फी यांचं, आडनाव घेतलं. गुलामगिरीच्या काळातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांकडे आयरिश आडनाव कधी मालकाकडून येई, कधी दुसऱ्या मार्गाने, कधी स्वतः निवडलेलं असे. त्यामुळे आडनावावरून वंश ठरवता येत नाही. त्याला यादीत मानाची जागा द्याच, पण 'आयरिश वंशाचा जॉकी' असं लिहू नका. 'जन्मनाव बर्न्स, मर्फी हे आडनाव आईच्या वडिलांकडून' एवढं लिहा. नट एडी मर्फी यांच्या बाबतीतही हेच पथ्य पाळा: जन्म १९६१, ब्रुकलिन, विनोदवीर आणि अभिनेते. आयर्लंडचा उल्लेख नको.

ब्रिटनी मर्फी या अभिनेत्रीचं जन्माच्या वेळचं आडनाव बर्टोलॉटी होतं. मर्फी हे आईचं. म्हणजे आयरिश धागा असला तरी तो पित्याच्या बाजूने शोधणारा माणूस चुकीच्या झाडावर चढणार.

जन्मस्थळाचाही सापळा असतो. प्रवासलेखिका डर्व्हला मर्फी यांचा जन्म १९३१चा, वॉटरफर्ड जिल्ह्यातल्या लिस्मोरचा. म्हणून त्यांना वॉटरफर्डच्या मर्फींत धरलं जातं. पण त्यांचे आईवडील मूळ डब्लिनचे. वडिलांना जिल्हा ग्रंथपालाची नोकरी लागली म्हणून कुटुंब तिकडे गेलं. मुळं शोधायची तर डब्लिनकडे वळायला हवं. मराठी वाचकासाठी या नोंदीला दोन ओळी जास्त द्या: १९६३च्या कडक हिवाळ्यात त्या सायकलवरून आयर्लंडहून निघाल्या आणि युरोप, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान पार करून भारतात पोहोचल्या. पुढे धरमशाळेत तिबेटी निर्वासित मुलांसाठी काम केलं. दहा वर्षांनी पाच वर्षांच्या लेकीला घेऊन मुंबईत उतरल्या आणि तिथून दक्षिणेला कूर्गकडे गेल्या. २०२२मध्ये लिस्मोरलाच त्यांचं निधन झालं. माझ्या मते तुमच्या यादीतल्या सगळ्यांत वाचनीय नोंदींपैकी ही एक होईल.

याउलट जिथे जिल्हा खरोखर काही सांगतो अशी नावंही आहेत. इंग्रज सत्तेविरुद्धच्या १७९८च्या उठावात वेक्सफर्डच्या शेतकऱ्यांचं नेतृत्व करणारे फादर जॉन मर्फी त्याच जिल्ह्यात जन्मले, तिथल्याच बूलाव्होगमध्ये धर्मगुरू होते, आणि वेक्सफर्ड हा मर्फींचा एक जुना मूळ प्रदेश. डब्लिनच्या ट्रामचे मालक आणि 'आयरिश इंडिपेंडंट' वृत्तपत्राचे संस्थापक विल्यम मार्टिन मर्फी, ज्यांच्या आडमुठ्या भूमिकेमुळे कामगारांवर लादलेली १९१३ची प्रसिद्ध टाळेबंदी महिनोन्महिने चालली, ते कॉर्क जिल्ह्याच्या पश्चिम भागातले. नट किलियन मर्फी (ऑस्कर २०२४, रॉबर्ट ओपेनहायमरच्या भूमिकेसाठी) कॉर्क शहराजवळच्या डग्लसचे. शिल्पकार शेमस मर्फीही कॉर्कचेच. तरी यांतल्या कोणत्याही दोघांना कॉर्कच्या नावाखाली नातेवाईक म्हणता येणार नाही. कॉर्कमध्ये मर्फी इतके, की एकाच वाडीतल्या मर्फींना ओळखण्यासाठी केसांच्या रंगावरून, आजोबांच्या नावावरून टोपणनावं पडली होती.

म्हणजे आतापर्यंतचा हिशेब असा: यादीसाठी व्यक्ती, साल, काम आणि आडनाव कोणाकडून आलं एवढं पुरतं, नातं सांगायचं असेल तर कागद लागतो. किती खोल जायचं ते तुमच्या हेतूवर अवलंबून आहे. ज्ञानकोशातल्या नोंदीसाठी चाळीसही माणसांची वंशावळ काढू नका. दोन-तीन ठिकाणी 'हे बहुधा चुलत भाऊ' असा दावा कुठे वाचला असेल तेवढाच तपासा.

तो तपास कसा चालतो ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. समजा अमेरिकेतल्या एका नामवंत मर्फीबद्दल एवढीच माहिती आहे की आजोबा पॅट्रिक कॉर्कहून आले, जन्म अंदाजे १८६८. बहुतेक लोक लगेच आयर्लंडच्या जन्मनोंदींत शिरतात आणि समोर डझनांनी पॅट्रिक मर्फी येतात. मग 'हाच असेल' असं मनाने ठरवलं जातं आणि तिथून पुढची सगळी वंशावळ दुसऱ्याच कुटुंबाची होते. आधी अमेरिकेतच थांबा. पॅट्रिकच्या लग्नाची चर्चमधली नोंद, मृत्यूचा दाखला, नागरिकत्वाचे कागद, थडग्यावरचा मजकूर, स्थानिक वर्तमानपत्रातली मृत्युवार्ता हे सगळं गोळा करा. यांतून जी एक गोष्ट मिळवायचीच आहे ती म्हणजे पॅट्रिकच्या आईचं माहेरचं आडनाव. बाप जॉन मर्फी आणि मुलगा पॅट्रिक मर्फी अशा जोड्या ढीगभर सापडतात. बाप जॉन मर्फी आणि आई माहेरची अमुक, अशी जोडी आणून द्या, मग दोन-तीनच उरतात. भावंडांची नावंही टिपून ठेवा. अनेक कुटुंबांत पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव देण्याची पद्धत होती, त्यामुळे नावांचा क्रमही साक्ष देतो.

'कॉर्कहून आले' या शब्दांवरही फार विसंबू नका. जहाज क्वीन्सटाउनहून सुटे, जे कॉर्कचं बंदर, आज त्याला कोव्ह म्हणतात. केरी किंवा लिमरिकचा माणूसही तिथूनच चढलेला असे आणि घरात पुढे 'आजोबा कॉर्कचे' एवढंच राहिलं.

मग आयर्लंडकडे. सगळ्या धर्मांच्या जन्म, विवाह, मृत्यूंची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८६४पासून सुरू झाली. कॅथलिकेतर विवाहांची १८४५पासून. शंभर वर्षांपेक्षा जुन्या जन्मनोंदींच्या प्रतिमा आयरिश सरकारच्या वंशावळ संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. नुसती सूची पाहून थांबू नका, नोंदवहीचं पान उघडा. त्यात जन्मतारीख, जागा, बापाचं नाव व राहण्याचं ठिकाण, आईचं नाव व माहेरचं आडनाव, बापाचा धंदा आणि माहिती देणाऱ्याची सही किंवा फुलीची खूण एवढं असतं. कॉर्क जिल्हा नोंदणीसाठी बँट्री, मॅक्रूम, कँटर्क, मॅलो, फर्मॉय असा अनेक विभागांत वाटलेला होता, तेव्हा विभाग निवडूनच शोधा.

तुम्हाला हवी ती गोष्ट म्हणजे टाउनलँडचं नाव. टाउनलँड हा आयर्लंडमधला जमिनीचा सर्वांत लहान नोंदलेला तुकडा, कित्येकदा पाच-दहा घरांचा. देशभरात असे साठ हजारांहून अधिक आहेत. टाउनलँड हाती लागलं की मर्फी हे आडनाव पहिल्यांदा उपयोगाचं होतं. त्याच टाउनलँडसाठी १८४७ ते १८६४ दरम्यान झालेलं ग्रिफिथचं मूल्यांकन (कर बसवण्यासाठी केलेली जमीन-घरांची नोंद) पाहा. त्यात घरात राहणाऱ्या सगळ्यांची नाही, जमीन किंवा घर ज्याच्या नावावर त्याचीच नोंद असते, आणि नातं लिहिलेलं नसतं. पण एकाच ठिकाणी एकाच नावाची दोन माणसं असली की कंसात बापाचं नाव, धंदा किंवा 'धाकटा', 'तांबडा' अशी खूण दिलेली सापडते. मर्फींच्या बाबतीत हे कंस सोन्यासारखे. ते उतरवताना गाळू नका.

पुढे १९०१ आणि १९११च्या जनगणना, ज्या संपूर्ण उपलब्ध आहेत, त्यांत पॅट्रिकचे आईवडील किंवा मागे राहिलेला भाऊ त्याच टाउनलँडमध्ये दिसतो का ते पाहा. त्याआधीच्या जनगणना जवळजवळ नाहीतच: १८२१ ते १८५१च्या बहुतेक ३० जून १९२२ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या आगीत जळाल्या, १८६१ ते १८९१च्या सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. म्हणून १८६४च्या मागे जायचं तर कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या हाच आधार. त्यांच्या साधारण १८८०पर्यंतच्या प्रतिमा आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५पासून फुकट खुल्या केल्या आहेत. अक्षर किरटं असतं आणि नोंदी पुष्कळदा लॅटिनमध्ये: जॉनचा 'योआनेस', जेम्सचा 'याकोबुस', विल्यमचा 'गुलिएल्मुस'. काही वह्या १८२०च्या आसपास सुरू होतात, पश्चिमेकडच्या त्याहून उशिरा. तिथे शोध संपला तर संपला. पुढे ओढून नेऊ नका.

चुका ठरावीक ठिकाणी होतात. वयावर विश्वास ठेवू नका: १९०१मध्ये ५५ वर्षांचा असलेला माणूस १९११मध्ये सत्तरीचा दिसतो, कारण मधल्या काळात वृद्धांना पेन्शन सुरू झाली. सरकारी जन्मतारखेच्या आधीच बाप्तिस्मा झालेला दिसला तर चकित होऊ नका. उशिरा नोंदणीचा दंड चुकवायला तारीख पुढे ढकलत. आणि नावं बदलतात: कॉर्क-केरीत जेरेमाया, डार्बी आणि डर्मट हा एकच माणूस असू शकतो, कॉर्नेलियस म्हणजे कॉन, होनोरा म्हणजे नोरा किंवा हॅना. टिमथी आणि थेडी वेगळे धरून एका भावाचे दोन भाऊ केलेल्या वंशावळी पुष्कळ दिसतात.

डीएनए चाचणीबद्दलही विचारलं आहे. पित्याकडून मुलाकडे जाणारी वाय-गुणसूत्राची चाचणी आडनावासोबत चालते म्हणून दोन मर्फी पुरुष एकाच मुळाचे आहेत का हे त्यातून कळू शकतं. पण फक्त १२ खुणांची (गुणसूत्रावर तपासायच्या ठरावीक जागांची) जुळणी आयर्लंडसाठी निरुपयोगी आहे. तिथल्या बहुसंख्य पुरुषांची मूळ रेषा एकच असल्याने कोणीही कोणाशी जुळतो. किमान ३७, शक्यतो १११ खुणा हव्यात. आणि दत्तक, सावत्र बाप किंवा आईकडून आलेलं आडनाव असेल तर वाय-रेषा मर्फींची नसणारच. ज्ञानकोशासाठी तुम्हाला याची गरज नाही.

त्यापेक्षा निकडीचं काम म्हणजे एकाच नावाची माणसं वेगळी ठेवणं. १७९८च्या उठावातच दोन फादर मर्फी आहेत: जॉन, ज्यांनी २७ मेला ऊलार्ट टेकडीवर विजय मिळवला आणि ज्यांना नंतर टलोमध्ये फाशी दिलं; आणि मायकेल, जे ९ जूनला आर्कलोच्या लढाईत पडले. आडनाव, पेशा, जिल्हा, साल सगळं सारखं. फ्रँक मर्फीही दोन. एक अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती (१८९०–१९४९), ज्यांनी जपानी वंशाच्या नागरिकांना घरांतून हुसकावण्याविरुद्ध १९४४मध्ये निकालाशी असहमतीचं ठाम मत लिहिलं. दुसरे इंग्लंडचे अभियंते, ज्यांनी ई. जे. पॉवर यांच्यासोबत १९२९मध्ये वेल्विन गार्डन सिटीत रेडिओ कंपनी काढली. आपल्या आजोबांच्या घरातल्या मर्फी रेडिओवरचं नाव या दुसऱ्या फ्रँकचं. मराठी वाचक पहिलं तेच शोधेल, म्हणून त्यांची नोंद ठळक हवी.

डॉक्टरही दोन. शिकागोचे जॉन बेंजामिन मर्फी (१८५७–१९१६), पित्ताशयाच्या सुजेसाठी पोट तपासताना वैद्यकीय विद्यार्थी आजही ज्यांच्या नावाची खूण बघतात ते. आणि विल्यम पॅरी मर्फी (१८९२–१९८७), घातक रक्तक्षयावर यकृताच्या आहाराच्या उपचारासाठी १९३४च्या नोबेलमध्ये मायनट आणि व्हिपल यांचे सहमानकरी. 'जे बिघडू शकतं ते बिघडतंच' हा मर्फीचा नियम मात्र यांपैकी कोणाचा नाही. तो अमेरिकन हवाई दलातले अभियंते एडवर्ड मर्फी यांच्या नावावर आहे, १९४९च्या रॉकेट-स्लेज (रुळांवरून रॉकेटने ढकलली जाणारी गाडी) चाचण्यांच्या सुमाराचा. प्रत्येक नावापुढे जन्म-मृत्यूची सालं आणि दोन-तीन शब्दांत काम लिहिलंत की ही माणसं एकमेकांत मिसळणार नाहीत.

शेवटी लेखन. 'मर्फी' हे रूप मराठीत रुळलं आहे, तेच ठेवा. आयरिश नावात सी नेहमी 'क', म्हणून किलियन, सिलियन नव्हे. गायिका रोशीन, रॉइसिन नव्हे. आणि जी मंडळी आयरिश भाषेतलं रूप वापरतात त्यांना विसरू नका: पुरुषांसाठी ओ मुरखू, अविवाहित स्त्रीसाठी नी वुरखू. आयरिश पारंपरिक संगीताच्या कोल्टस संस्थेचे दीर्घकाळ प्रमुख राहिलेले लाव्ह्रास ओ मुरखू हे त्यांतलेच. इंग्रजी याद्यांत ते 'ओ' अक्षराखाली जातात आणि मर्फींच्या यादीतून सुटतात. तुमच्या यादीत त्यांची नोंद 'ओ मुरखू' अशीच ठेवा आणि मर्फी पानावरून तिकडे दुवा द्या.